जुना ऑसिलोस्कोप दुरुस्त करताना : आपली लाइन, आपला उन्हाळा आणि कपॅसिटर

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, एका गावात राहते. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आणि घराच्या छपरीतच दुरुस्तीचं काम करते. पंपांचे ऑटो स्टार्टर, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर, रोही-डुकरांपासून शेत राखायची झटका मशीन आणि आता सोलर पंपांचे कंट्रोलर. या कामात मल्टिमीटर एका हद्दीपर्यंतच साथ देतो. इन्व्हर्टरचं आउटपुट २३० व्होल्ट आहे हे तो सांगेल, पण ती लहर गोल आहे, चौकोनी आहे की मधेच तुटलेली आहे, हे सांगणार नाही. त्यासाठी विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, म्हणजेच स्कोप लागतो, आणि काचेच्या नळीचे जुने स्कोप कॉलेजांच्या लिलावात किंवा नागपूरच्या कबाड्याकडे अजूनही मिळतात. खाली जे लिहिते आहे ते दोन चॅनलच्या, २० मेगाहर्ट्झच्या, ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या स्कोपबद्दल. आपल्याकडच्या लॅबमध्ये असेच जास्त असायचे.

अशा मशीनमध्ये बहुतेक दुरुस्ती कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांची असते, म्हणून त्यांच्याबद्दल सुरुवातीलाच माझं मत सांगते. "जुनं मशीन आहे ना, मग सगळे कपॅसिटर काढून नवे टाका" हा सल्ला मला पटत नाही. आधी मोजायचं, मग बदलायचं. आणि बदलताना जुन्या कपॅसिटरवर छापलेला आकडा जसाच्या तसा उतरवून दुकानात जायचं नाही. आपल्या गावची लाइन रात्री किती चढते आणि आपली खोली मे महिन्यात किती तापते, यावरून आकडा ठरवायचा.

झाकण उघडण्याआधी

मशीन घरी आलं की प्लग लावायचा मोह होतो. लावू नका. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असतो. काही मशीनमध्ये तो फ्यूजच्या चौकोनी झाकणातच असतो, आणि झाकणावरचा त्रिकोण ज्या आकड्याकडे तेवढ्या व्होल्टेजला मशीन लावलेलं. तो ११० वर राहिलेला असेल तर मशीन त्याच क्षणी गेलं. फ्यूज काढून त्याचा अँपिअर बघा. तिथे फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर आत आधी कोणीतरी हात घातलाय असं समजून पुढे चला.

वायरची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, शाबूत आहे का तेही पाहा. स्कोपच्या प्रोबची (मोजायच्या जागी टेकवायच्या तारेची) मगरक्लिप या अर्थिंगलाच जोडलेली असते. बरेच जण ही पिन कापून टाकतात, म्हणजे कुठेही क्लिप लावली तरी ठिणगी उडत नाही. पण मग स्कोपची पूर्ण बॉडी फेजवर येऊ शकते. पिन कापलेली असेल तर नवी तीन तारांची वायर टाका. घरातली अर्थिंगही तपासा. लोड चालू असताना फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थिंग हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. फरक मोठा असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या, स्कोप नंतर बघता येईल.

आतली वीज

टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाला नळीच्या डोक्यावरची रबरी टोपी माहीत असते आणि तो तिला जपून असतो. या लहान स्कोपमध्ये बहुतेक वेळा तशी टोपी नसते, म्हणून माणूस गाफील राहतो. इथला उच्च दाब उलट्या दिशेचा आहे. नळीच्या मागच्या सॉकेटवर, कॅथोडला, उणे २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो. फोकस आणि ब्राइटनेसचे पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर) याच दाबावर तरंगत असतात, म्हणूनच त्यांचे दांडे लांब प्लास्टिकचे केलेले असतात. त्या पॉटच्या पत्र्याला बोट लागू देऊ नका.

मी पीव्हीसी पट्टीच्या तुकड्यात २२० किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे १० रेझिस्टर ओळीने सोल्डर करून एक काडी बनवली आहे. एक टोक क्लिपने चेसिसला, दुसरं टोक सॉकेटच्या पिनेला. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, मग ही काडी टेकवायची. १४० व्होल्टच्या पट्टीसाठी (आतल्या सप्लायच्या प्रत्येक डीसी व्होल्टेजच्या लाइनला मी पट्टी म्हणते) १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर पुरतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून पाचेक सेकंदांत रिकामा होतो. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत सोडा, त्यात ट्रॅक उडतात आणि जवळचे ट्रान्झिस्टर मरतात. मशीन चालू असताना मोजायचं असेल तर एक हात पाठीमागे, पायात कोरडी चप्पल, आणि घरात दुसरं कोणी तरी जागं असावं. उणे २००० ची बाजू साध्या मल्टिमीटरने मोजायची नाही, तो ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतच बनलेला असतो. उच्च दाबाचा प्रोब नसेल तर ती बाजू मोजूच नका. ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेषा, बारीक आणि स्थिर दिसला तर ती बाजू बरी आहे असं धरून चालता येतं.

साफसफाई

आपल्याकडचं मशीन उघडलं की आत काळ्या मातीची धूळ असते, जिनिंगच्या आसपासचं असेल तर रुईचे तंतू, आणि हमखास कुंभारीण माशीचं मातीचं घर. माझ्याकडे आलेल्या एका मशीनच्या ट्रान्सफॉर्मरमागे पालीची अंडी होती. माती ओल धरते आणि उच्च दाबाच्या बाजूला ओल म्हणजे वीज झिरपायला वाट. त्यामुळे ही सफाई वरवरची नको. रंगकामाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर, आणि सॉकेटभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्विच आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर टाका, गंजावर मारायचा तेलकट स्प्रे टाकू नका. तो नंतर धूळ धरतो. नळीच्या मानेला धक्का लागू देऊ नका. आत निर्वात आहे, फुटली तर काच सगळीकडे उडते.

ब्रश हातात घेण्याआधी मोबाइलने चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक कपॅसिटरवरची उणे खुणेची पट्टी कोणत्या बाजूला आहे ते फोटोत दिसलं पाहिजे.

पहिली वीज : सिरीज बल्ब

व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर उत्तमच. नसेल तर मशीनच्या ओळीत बल्ब जोडायचा सिरीज बोर्ड पुरतो, तो प्रत्येक मेकॅनिककडे असतोच. बल्ब मात्र तारेचा, १०० वॅटचा हवा, एलईडी इथे काही कामाचा नाही. ४० वॅटच्या आसपास खाणाऱ्या स्कोपला १०० चा बल्ब सिरीजमध्ये लावला की पहिल्या क्षणी बल्ब उजळतो आणि मग मंद होतो. मंद झाला तर पुढे जा. तेजच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ही पद्धत साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनसाठी आहे. स्विच मोड सप्लायचा स्कोप सिरीज बल्बवर नीट सुरूच होत नाही, आणि चांगल्या सप्लायवर उगाच संशय येतो.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इलेक्ट्रोलिटिकमधला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. हळूहळू दाब वाढवला तर तो पुन्हा तयार होतो. म्हणून आधी ४० वॅटच्या बल्बवर अर्धा तास आणि मग १०० च्या बल्बवर. पण आतला द्रव सुकून गेला असेल तर या उपायाने तो परत येत नाही.

शॉर्ट सापडत नसेल तर एक युक्ती. मशीनचा प्लग काढलेला ठेवून त्या पट्टीला बाहेरच्या सप्लायमधून १ व्होल्टच्या आत, करंट बांधून, वीज द्या. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकवरून सरकवत जा. आकडा कमी होत होत जिथे सगळ्यात खाली जातो, तिथे गुन्हेगार असतो. बहुतेक वेळा तो थेंबासारखा टँटलम कपॅसिटर निघतो.

मोजणी

कमी दाबाच्या पट्ट्या आधी: अधिक ५, अधिक आणि उणे १२, मग १४०. बाकीचं सगळं यांच्यावर उभं आहे. सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, त्यात प्रत्येक पट्टीचा आकडा आणि किती फरक चालतो ते दिलेलं असतं. १२ ची पट्टी मर्यादेत असेल तर तिचा प्रीसेट (जुळवणीचा बारीक स्क्रू) फिरवू नका. उभ्या-आडव्या सगळ्या मापांचा आधार तीच असते, ती हलली की सगळं कॅलिब्रेशन हललं.

मग रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लाट. मल्टिमीटर एसीवर ठेवा, लाल तारेत एक मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर जोडा म्हणजे डीसी अडेल. आपली लाइन ५० हर्ट्झची, पूर्ण ब्रिजनंतर रिपल १०० हर्ट्झचा. आता हिशेब बघा. अर्धा अँपिअर ओढणाऱ्या पट्टीला २२०० मायक्रोफॅरड असेल तर रिपल वर-खाली मिळून सुमारे २ व्होल्ट. मीटर त्याच्या साधारण साडेतिनाव्या भागाइतकं, म्हणजे ०.६ च्या जवळ दाखवेल. तोच कपॅसिटर सुकून ५०० वर आला असेल तर रिपल आठ-नऊ व्होल्टवर जातो. रेग्युलेटरच्या (व्होल्टेज पक्कं ठेवणाऱ्या भागाच्या) आधी १८ व्होल्ट असतील तर खालचा टप्पा नऊ-दहावर येणार, आणि त्यातून १२ निघणं शक्य नाही. पडद्यावर हे जाड, थरथरत्या रेषेच्या रूपात दिसतं, आणि माणूस नळीला दोष देतो.

इथेच आपली लाइन मधे येते. दिवसा शेतीचे पंप सुरू असताना डीपीपासून लांबच्या घरात १८० व्होल्टही मिळत नाहीत कधी कधी. १८० वर ते १८ व्होल्ट १४ होतात. दोन रिपलमध्ये गेले, उरले १२, आणि कपॅसिटर चांगला असूनही रेग्युलेटर दमतो. त्यामुळे मोजणी करताना प्रत्येक वेळी लाइनचा आकडा शेजारी लिहा. १८० वर घेतलेल्या रिपलवरून कपॅसिटर खराब ठरवला तर चांगला माल फेकला जाईल.

बोर्डातून काढलेल्या संशयिताला ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला अडथळा, मोजणारा मीटर लावायचा, आधी तो रिकामा करून. मायक्रोफॅरड पुरेसे दाखवतो आणि ईएसआर मात्र नव्याच्या कितीतरी पट, असे कपॅसिटर खूप भेटतात. माझा भाचा सुट्टीत शिकायला येतो, तो फुगलेला एक बघून म्हणाला, "मावशी, हाच बिघडेल दिसते, बाकीचे त चांगले आहेत." मी त्याला सांगितलं, "फुगेल डोळ्याले दिसते, सुकेल दिसत नाही. मीटर लाव." त्या बोर्डावर सपाट डोक्याचे, चकचकीत दिसणारे दोन जास्त खराब निघाले.

काय बदलायचं, काय सोडायचं

मोजणी काहीही सांगो, लाइन फिल्टरमधला मेटलाइज्ड पेपरचा एक्स वर्गाचा (फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसणारा) कपॅसिटर मी बदलतेच. त्याचं पिवळट पारदर्शक आवरण तडकतं, हवेतली ओल आत जाते आणि एक दिवस घरभर धूर होतो. त्याजागी पॉलिप्रॉपिलीनचा एक्स२, २७५ व्होल्ट एसीचा. फेज किंवा न्यूट्रल ते अर्थिंग असलेले वाय वर्गाचे असतात. तिथे वाय२ शिवाय दुसरं काही लावू नका. तो शॉर्ट झाला तर बॉडी लाइनवर येते.

टँटलमचे थेंब १२ व्होल्टच्या पट्टीवर १६ व्होल्टचे बसवलेले असतील तर ते काढून २५ किंवा ३५ व्होल्टचे टाका. टँटलमला ठरलेल्या दाबाच्या अर्ध्यावरच ठेवणं बरं, कारण तो जाताना बहुतेक शॉर्ट होऊन जातो.

आणि हात लावायचा नाही ते: टाइमबेस (वेळेचं माप देणारं सर्किट) आणि अटेन्युएटरजवळचे (आलेलं व्होल्टेज कमी करणाऱ्या भागाजवळचे) फिल्म, पॉलिस्टायरिन आणि मायकाचे कपॅसिटर. ते सहसा खराब होत नाहीत, आणि मशीनचं मापच त्यांच्यावर जुळवलेलं असतं. उच्च दाबाचे सिरॅमिकही दोष दिसल्याशिवाय सोडा.

नवा कपॅसिटर निवडताना दोन आकडे. पहिला दाब. रेग्युलेटरआधी २३० वर २४ व्होल्ट येतात आणि तिथे कारखान्याने २५ चा कपॅसिटर ठेवलाय, असं समजा. रात्री पंप बंद झाले की आमच्याकडे लाइन २५५ पर्यंत जाते. तेव्हा ते २४ चे साडेसव्वीस होतात, कपॅसिटरच्या मर्यादेबाहेर. तिथे ३५ चाच हवा. सिलेक्टर मी २४० वर ठेवते आणि मशीनच्या आधी स्टॅबिलायझर लावते. एकट्या सिलेक्टरने दिवस आणि रात्र दोन्ही सांभाळता येत नाहीत.

दुसरा आकडा उष्णतेचा. मे महिन्यात वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या खोलीत, बंद झाकणाच्या मशीनमध्ये आणखी वीस अंश धरा, म्हणजे ६५. इलेक्ट्रोलिटिकचा ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर ६५ वर ८००० तास टिकेल. १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा, ३२,००० तास. रोज चार तास मशीन चाललं तर पहिला साडेपाच वर्षं, दुसरा बावीस. दुकानात किमतीचा फरक चहाइतकाही नसतो, तरी ८५ वाला हातात ठेवतात. नळकांड्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

मायक्रोफॅरड थोडे वाढले तर चालतात, १००० च्या जागी १२०० बिनधास्त लावा. दीडपटीच्या पुढे जाऊ नका. चालू करतानाचा झटका ब्रिजच्या डायोडला बसतो. नागपूरच्या सीताबर्डीवर मिळाला नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. मोठ्या नळकांड्याचा कपॅसिटर हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने फारच हलका असेल तर आत लहान भरलेला असू शकतो, घरी आल्यावर मीटरने खात्री करा.

काढणं आणि बसवणं

जुन्या बोर्डाचे ट्रॅक एका बाजूचे आणि सैल चिकटलेले असतात. आधी सांध्यावर थोडं ताजं ६०/४० सोल्डर टाका, मग सकर लावा. जुनं सोल्डर नुसतं तापवत बसलात तर ट्रॅक उचलला जातो. चेसिसला जोडलेल्या जाड पायांना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही, ६० ची घ्या आणि काम पटकन संपवा. एका वेळी एकच कपॅसिटर काढायचा, एकच बसवायचा. पाचसहा एकदम काढून ठेवले की फोटो असूनही घोटाळा होतो.

जुने बरेच कपॅसिटर आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले असतात. ज्या टोकाजवळ नळकांड्याला खाच पडलेली असते ते टोक अधिक, आणि उणे पाय धातूच्या कवचाला जोडलेला असतो. आता सहसा उभेच मिळतात. उभा बसवताना लांब पायावर स्लीव्ह चढवा आणि बुडाला थोडा सिलिकॉन लावा, म्हणजे बंडीतून नेताना हलणार नाही.

तुमच्या हाती टेक्ट्रॉनिक्सचं १९५०-६० च्या दशकातलं व्हॉल्व्हचं मशीन आलं, तर एक गोष्ट वेगळी. त्यात भाग पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांत सोल्डर केलेले असतात, आणि त्या खाचांना थोडी चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. साधं सोल्डर वारंवार लावलं तर खाचेतला चांदीचा थर सुटतो. कंपनीने त्या सोल्डरची लहान गुंडाळी आतच ठेवलेली असायची. ती सापडली तर जपून वापरा.

जुळवणी

सगळं बसल्यावर पुन्हा सिरीज बल्ब, मग थेट लाइन. ब्राइटनेस कमी ठेवून सुरू करा. एकाच जागी थांबलेला तेज ठिपका पडद्याचा लेप कायमचा जाळतो. अर्धा तास मशीन तापू द्या, मग ट्रेस आडवा सरळ आहे का बघा. तिरका असेल तर ट्रेस रोटेशनचा स्क्रू फिरवा. पृथ्वीच्या चुंबकत्वाने रेषा थोडी कलते, त्यामुळे मशीन ज्या दिशेला कायम ठेवणार त्या दिशेला ठेवूनच हे करा.

वेळेचं माप तपासायला महागडं काही लागत नाही. ६ व्होल्टच्या लहान ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी प्रोबला लावा आणि टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर. ५० हर्ट्झच्या एका लहरीने पडद्यावरच्या जाळीची बरोबर चार घरं व्यापली पाहिजेत. लाइनचं व्होल्टेज आपल्याकडे कितीही नाचो, फ्रिक्वेन्सी पूर्ण ग्रिडची एकच असते आणि या स्कोपच्या तीन टक्क्यांच्या अचूकतेपेक्षा ती कितीतरी घट्ट असते. उभ्या मापासाठी नवा टॉर्चचा सेल आधी मीटरने मोजा. १.५५ व्होल्ट आले तर अर्ध्या व्होल्टच्या घरावर रेषा तीन घरांच्या किंचित वर सरकायला हवी.

शेवटी प्रोब. पुढच्या पॅनेलवर चौकोनी लहरीची खुंटी असते, तिला प्रोब लावून त्याचा बारीक स्क्रू कोपरे काटकोनात येईपर्यंत फिरवा. झटका मशीन तपासणार असाल तर प्रोब तिच्या आउटपुटला कधीच लावू नका, तिथे हजारो व्होल्टचे ठोके असतात. आतल्या ऑसिलेटरची बाजू बघा. सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलचा डीसी दाब अर्थिंगवर नसतो, त्यामुळे मगरक्लिप तिथे लावली तर शॉर्ट होईल. दोन्ही प्रोब दोन टोकांना लावा, क्लिप मोकळ्या ठेवा, दुसरा चॅनल उलटा करून दोन्हींची बेरीज बघा. मात्र तो दाब तुमच्या प्रोबवर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना, हे आधी पाहून घ्या.

झाकण लावण्याआधी आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवा: कोणते कपॅसिटर बदलले, महिना-वर्ष, प्रत्येक पट्टीचे व्होल्ट, रिपल, आणि तेव्हा लाइन किती होती. पावसाळ्यात मशीन आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आतली ओल त्यानेच जाते.